विशेष विवाह कायद्याने नोंदणी विवाह : नोटिशीपासून दाखल्यापर्यंत

धर्म न बदलता, भटजी-काझी-पाद्री कुणालाही न बोलावता, दोन सज्ञान माणसांना कायद्याने नवरा-बायको होता येतं. हे आपल्याकडे १९५४ पासून शक्य आहे. त्याआधी १८७२ चा कायदा होता, पण त्यात मूळ अट अशी की आपण हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन वगैरे कुठल्याच धर्माचे नाही असं लिहून द्यावं लागे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने ती अट काढून टाकली. तू तुझ्या धर्मात राहा, मी माझ्या, आणि तरीही आपलं लग्न पक्कं. माझ्या मते आपल्या संसदेने केलेल्या सगळ्यांत सुंदर कायद्यांपैकी हा एक. दुर्दैव इतकंच की जोडपी त्याच्याकडे येतात ती अर्धवट माहिती घेऊन, आणि मग एखाद्या कागदापायी महिनाभर अडकतात. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी ठरवा : लग्न करायचंय की झालेल्या लग्नाची नोंद?

या दोन गोष्टींची सगळ्यात जास्त गल्लत होते. मंगल कार्यालयात रीतसर लग्न लागलं असेल आणि फक्त दाखला हवा असेल, तर तुमचं काम महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली होतं. महापालिकेच्या विभाग कार्यालयात, नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत विवाह निबंधकाकडे नमुना ‘ड’ भरायचा, लग्नाचा फोटो, पत्रिका आणि साक्षीदार न्यायचे. लग्नानंतर नव्वद दिवसांत हे करावं. उशीर झाला तर दंड भरून होतं. त्यात महिनाभराची नोटीस वगैरे काही नाही.

विशेष विवाह कायद्यात मात्र लग्नच विवाह अधिकाऱ्यासमोर लागतं. त्या क्षणाआधी तुम्ही अविवाहित असता आणि त्यानंतर विवाहित. लोक याला ‘कोर्ट मॅरेज’ म्हणतात, पण कोर्टात पाऊल ठेवावं लागत नाही. महाराष्ट्रात हे काम नोंदणी व मुद्रांक विभागाच्या विवाह अधिकारी कार्यालयात चालतं.

दोघंही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असाल तर तुम्हाला दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. हिंदू विवाह कायद्याने, म्हणजे रूढीप्रमाणे विधी करून लग्न लावा आणि मग नोंद करा, किंवा थेट विशेष विवाह कायद्याने करा. जोडीदारांपैकी एक मुस्लिम किंवा ख्रिश्चन आणि दुसरा हिंदू असेल आणि कुणालाही धर्म बदलायचा नसेल, तर विशेष विवाह कायदा हाच सरळ रस्ता. हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न दोन्ही पक्ष हिंदू असतील तरच वैध, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये एका हिंदू-ख्रिश्चन जोडप्याच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

इथे आळंदीबद्दल बोलायलाच हवं. घरच्यांच्या विरोधात लग्न करायचं म्हटलं की पुणे जिल्ह्यात पहिलं नाव आळंदीचं निघतं, कारण तिथे एका दिवसात लग्न लागतं. दोघंही हिंदू असतील आणि विधी खरोखर झाले असतील, तर त्यात बेकायदा काही नाही. पण ‘विधी राहू द्या, फोटो काढा, सर्टिफिकेट देतो’ असं कुणी म्हणालं तर तिथून निघा. विधी न होता नुसत्या नोंदणीच्या कागदाने हिंदू लग्न लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका वैमानिक जोडप्याच्या खटल्यात निःसंदिग्धपणे सांगितलं. असा दाखला हातात असलेली मुलगी स्वतःला विवाहित समजते, आणि पुढे काही बिनसलं की तिच्या पायाखाली जमीनच नसते.

पात्रता : चार अटी, आणि त्यातली एक फसवी

मुलाचं वय २१ पूर्ण, मुलीचं १८ पूर्ण. दोघांपैकी कुणाचाही आधीचा जोडीदार हयात आणि कायद्याने विवाहित नसावा. संमती देण्याइतकी मानसिक क्षमता असावी. या तीन अटी सहज कळतात.

चौथी अट निषिद्ध नात्याची. महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न ही कित्येक समाजांत मानाची गोष्ट आहे, आणि हिंदू विवाह कायद्यात रूढी असेल तर ती चालते. विशेष विवाह कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात मात्र मामेबहीण, आतेबहीण, मावसबहीण, चुलतबहीण या सगळ्याच निषिद्ध नात्यांत येतात. रूढीची सवलत कायद्यात आहे, पण त्यासाठी ती रूढी राज्य शासनाने राजपत्रात जाहीर केलेली असावी लागते. म्हणून मामाच्या मुलीशी लग्न करणाऱ्यांनी या कायद्याच्या वाटेला न जाता विधी करून लग्न लावावं आणि नंतर नोंद करावी.

घटस्फोटित असाल तर हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत लागते, आणि नुसता हुकूमनामा होऊन भागत नाही, अपिलाची मुदत संपलेली असावी लागते. ती नव्वद दिवसांची आहे. विधुर किंवा विधवा असाल तर आधीच्या जोडीदाराच्या मृत्यूचा दाखला.

पत्ता : अर्धी लढाई इथेच

नोटीस कुठे द्यायची? दोघांपैकी किमान एकजण ज्या जिल्ह्यात नोटीस देण्याआधी सलग तीस दिवस राहिलेला आहे, त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे. दोघांनी तिथे राहायला हवं असं नाही, आणि गावाकडचा कायमचा पत्ता तिथलाच हवा असंही नाही.

हे सिद्ध करायला लागतो रहिवासाचा पुरावा, आणि गाडी इथेच अडते. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाच्या आधारवर पत्ता साताऱ्याचा, मुलीच्या आधारवर नांदेडचा, आणि दोघंही वाकडला भाड्याने. अशा वेळी नोंदणीकृत भाडेकरार, म्हणजे आपला लिव्ह अँड लायसन्स करार, सगळ्यात भक्कम. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला करार अनेक घरमालक हातात देतात. महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी सक्तीची आहे, त्यामुळे नोटरीच्या कागदावर विसंबू नका. घरमालकाला आत्ताच सांगा, ऑनलाइन नोंदणी करून घ्या. शक्य असेल तर आधारवरचा पत्ताही बदलून घ्या.

आणि नाव! आधारवर वडिलांचं नाव मधे, दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, पासपोर्टवर मधलं नावच नाही. त्यात ‘सुषमा’ची इंग्रजी स्पेलिंगं तीन कागदांवर तीन तऱ्हेची. टेबलामागचा माणूस हे कागद शेजारी शेजारी ठेवतो आणि बोट ठेवून विचारतो, ही दोन्ही एकच व्यक्ती कशावरून? जे दुरुस्त होऊ शकतं ते नोटिशीच्या आधी दुरुस्त करा. जे होणार नाही, त्यासाठी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा.

बाकीचे कागद नेहमीचेच : जन्मतारखेसाठी जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा पासपोर्ट, ओळखपत्र आणि पासपोर्ट आकाराचे फोटो. जोडीदार परदेशी नागरिक असेल तर त्याचा पासपोर्ट, व्हिसा आणि त्याच्या देशाच्या वकिलातीकडून तो अविवाहित असल्याचं पत्र. या पत्राला वेळ लागतो, त्यामुळे सगळ्यात आधी तेच हाती घ्या. सगळे मूळ कागद एका फाइलमध्ये आणि प्रत्येकाच्या दोन-दोन छायाप्रती, हा साधा नियम पाळा.

नोटीस

महाराष्ट्रात नोटिशीची माहिती नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर भरता येते आणि शुल्क ऑनलाइन भरून चलन काढता येतं. सरकारी शुल्क नाममात्र आहे. कुणी त्यासाठी हजारो रुपये मागत असेल तर ते पैसे सरकारचे नाहीत, एजंटचे आहेत. ‘जास्त दिलेत तर तीस दिवस माफ करून देतो’ हे तर निव्वळ खोटं. तीस दिवस माफ करायचा अधिकार विवाह अधिकाऱ्यालाही नाही.

नोटीस कायद्याने दिलेल्या नमुन्यातच असते : नाव, वय, व्यवसाय, आताचा पत्ता, कायमचा पत्ता, किती दिवसांपासून राहता. दाखल झाली की ती विवाह नोटीस पुस्तकात लावली जाते आणि एक प्रत कार्यालयात ठळक जागी चिकटवली जाते.

आता जो भाग जोडप्यांना कुणी सांगत नाही, तो नीट वाचा. दोघांपैकी कुणाचं कायमचं राहण्याचं ठिकाण दुसऱ्या जिल्ह्यात असेल, तर नोटिशीची प्रत त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथल्या फळ्यावरही लागते. म्हणजे वरच्या उदाहरणात पुण्याबरोबर सातारा आणि नांदेड. घरून विरोध असेल तर हे गृहीत धरूनच पावलं टाका. नांदेडच्या कार्यालयात कामासाठी गेलेल्या शेजाऱ्याने फळ्यावर फोटो पाहिला आणि संध्याकाळपर्यंत घरी कळलं, असं होऊ शकतं.

नोटीस तुमच्या आईवडिलांच्या घरी पोस्टाने पाठवावी किंवा पोलिसाला घरी पाठवून चौकशी करावी, असं मात्र कायद्यात कुठेही नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये ही पद्धत चुकीची ठरवली. २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तर नोटीस जाहीर करणं जोडप्याच्या इच्छेवर सोडलं. महाराष्ट्रात नोटीस फळ्यावर लागतेच, हे धरून चाला. ही तरतूद काढून टाकायला हवी असं माझं ठाम मत आहे. रूढीप्रमाणे लग्न करणाऱ्या कुणालाही अशी जाहिरात लावावी लागत नाही, आणि ज्यांच्या जिवाला खरा धोका असतो त्यांनाच हा कायदा महिनाभर उघड्यावर उभा करतो.

दोन घड्याळं

नोटीस जाहीर झाल्यापासून तीस दिवस संपल्यावर लग्न लावता येतं. आणि नोटीस दिल्यापासून तीन कॅलेंडर महिन्यांच्या आत लग्न झालं नाही तर ती रद्द होते, सगळं पुन्हा पहिल्यापासून. दोन मुदती दोन वेगळ्या तारखांपासून मोजल्या जातात, हे लक्षात घ्या. समजा नोटीस २ जूनला दिली आणि ती ४ जूनला फळ्यावर लागली. तीस दिवस ४ जुलैला संपले, तर ५ जुलैपासून लग्न करता येईल आणि १ सप्टेंबरच्या आत उरकायला हवं. परदेशातून सुट्टीवर येणाऱ्यांनी ही मांडणी तिकीट काढण्याआधी करावी. तीन आठवड्यांच्या रजेत हे लग्न होत नाही.

हरकत आली तर

त्या तीस दिवसांत कुणीही हरकत घेऊ शकतो, पण ती फक्त वर सांगितलेल्या अटींवरच : वय कमी आहे, आधीचं लग्न शाबूत आहे, नातं निषिद्ध आहे, संमती देण्याची क्षमता नाही. ‘आम्हाला हे स्थळ मान्य नाही’, ‘जात वेगळी आहे’, ‘मुलगी फूस लावून नेली’ या कायद्याच्या हरकती नाहीत. अधिकारी आलेली हरकत नोंदवून घेतो आणि तीस दिवसांत चौकशी करून निर्णय देतो. हरकत मान्य झाली तर जोडप्याला तीस दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करता येतं. निव्वळ त्रास द्यायला हरकत घेतली असेल तर घेणाऱ्यावर खर्चाचा बोजा टाकायची तरतूदही आहे. म्हणून वयाचा पुरावा आणि हुकूमनामा यांच्या मूळ प्रती त्या महिनाभर हाताशी ठेवा.

विरोध हिंसक होईल अशी शंका असेल तर वाट पाहू नका. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात जोडप्यांच्या संरक्षणासाठी जिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारा देण्याचे आदेश दिले आहेत. पोलीस अधीक्षक किंवा पोलीस आयुक्तांना दोघांच्या सहीने अर्ज द्या. त्यात दोघांचं वय, स्वेच्छा आणि कुणापासून धोका वाटतो ते स्पष्ट लिहा, आणि पोच घ्या. मुलीच्या घरचे बहुतेक वेळा हरवल्याची तक्रार देतात. मुलीने स्वतः आपल्या पोलीस ठाण्यात आधीच लेखी कळवलं असेल की ‘मी सज्ञान आहे, स्वेच्छेने गेले आहे’, तर प्रकरण पुष्कळ सोपं होतं. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीसारख्या संघटना अशा जोडप्यांच्या पाठीशी उभ्या राहतात. आंतरजातीय लग्नांच्या कामाचा त्यांना दांडगा अनुभव आहे. तातडीच्या वेळी ११२.

लग्नाचा दिवस

तारीख आधी ठरवून घ्या. वर, वधू आणि तीन सज्ञान साक्षीदार, सगळ्यांची मूळ ओळखपत्रं. साक्षीदार कोण हे कायदा सांगत नाही : मित्र, सहकारी, मावशी, कुणीही. चौथा माणूस राखीव न्या. एकाची ट्रेन चुकली म्हणून मुहूर्त हुकायला नको.

आधी दोघं आणि तिघे साक्षीदार घोषणापत्रावर सह्या करतात. मग लग्न. अनेक जोडप्यांना वाटतं की सही केली म्हणजे झालं. तसं नाही. अधिकारी आणि तिन्ही साक्षीदारांच्या समोर, दोघांनाही समजणाऱ्या भाषेत प्रत्येकाने म्हणायचं असतं : ‘मी अमुक, तुम्हाला तमुक यांना माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो’, आणि तसंच तिने पती म्हणून. हे उच्चारल्याशिवाय लग्न पूर्ण होत नाही. मराठीत म्हणा, मोठ्याने म्हणा. रांगेत मागे दहा माणसं उभी असतात, अधिकारी घाईत असतो, तरीही ते एक वाक्य नीट म्हणायला तुम्हाला वेळ मिळायला हवा. हार घालायचे असतील तर घाला, कुणी अडवत नाही. कायद्याला त्यांची गरज नाही.

जास्तीचं शुल्क भरून अधिकाऱ्याला वाजवी अंतरावरच्या दुसऱ्या ठिकाणी, घरी किंवा सभागृहात, बोलावण्याची सोयही कायद्यात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि डॉ. शारदा कबीर यांचा १५ एप्रिल १९४८ चा नोंदणी विवाहही दिल्लीत बाबासाहेबांच्या निवासस्थानीच झाला होता, तेव्हाच्या जुन्या कायद्याखाली. आजी-आजोबांना कार्यालयाचे जिने चढवत नसतील तर हा पर्याय विचारून पाहा.

मग विवाह प्रमाणपत्र पुस्तकात नोंद होते, त्यावर दोघांच्या आणि तिन्ही साक्षीदारांच्या सह्या. हे प्रमाणपत्र लग्न झाल्याचा निर्णायक पुरावा आहे. सही करण्याआधी प्रत्येक अक्षर वाचा, नंतरची दुरुस्ती डोकेदुखी असते.

ज्यांच्यासाठी हे दार अजून बंद आहे

ब्रिटनमध्ये समलिंगी जोडप्यांना २००५ पासून सिव्हिल पार्टनरशिप, म्हणजे लग्नासारखीच कायदेशीर नोंद, आणि इंग्लंड-वेल्समध्ये २०१४ पासून लग्नही करता येतं. आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ ला समलिंगी संबंधांवरची कलम ३७७ मधली गुन्ह्याची तलवार दूर झाली, पण याच विशेष विवाह कायद्यात समलिंगी लग्न बसवावं ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ ला फेटाळली. लग्नाखेरीज अशा सहजीवनाला कायदेशीर दर्जा मिळण्याचा हक्कही पाचपैकी तीन न्यायमूर्तींनी मान्य केला नाही. परदेशात झालेलं असं लग्न किंवा पार्टनरशिप इथे नवरा-बायकोचे हक्क देत नाही.

तोवर हाती जे आहे ते करून ठेवा. दोघांनी स्वतंत्र मृत्युपत्र करावं, दोन साक्षीदारांसह, आणि नोंदवूनही घ्यावं. बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला समलिंगी व्यक्तींना कोणतीही आडकाठी नाही, असं केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. घर घ्यायचं तर दोघांच्या नावावर, वाटा लिहून. लग्नाने जे एका सहीत मिळतं ते इथे दहा कागदांत गोळा करावं लागतं, आणि हा अन्याय आहे.

लग्नानंतर

वारसाहक्काचा मुद्दा लग्नाआधीच समजून घ्यावा असा आहे. दोघंही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असाल तर १९७६ च्या दुरुस्तीमुळे तुम्हाला हिंदू वारसा कायदाच लागू राहतो. आंतरधर्मीय जोडप्याला मात्र १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो, आणि त्यातला हिंदू जोडीदार एकत्र कुटुंबातून कायद्याने विभक्त झाला असं धरलं जातं. त्याचा तोवरचा हिस्सा बुडत नाही, पण सातबाऱ्यावर सामायिक जमीन असेल तर वकिलाशी बोलून घ्या.

आडनाव बदलणं मुलीवर बंधनकारक नाही. बँक, ऑफिस, सासर यांपैकी कुणी कितीही आग्रह धरला तरी नाही.

दोघांपैकी एक अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त-भटक्या जमाती किंवा विशेष मागास प्रवर्गातला आणि दुसरा सवर्ण हिंदू, जैन, लिंगायत किंवा शीख असेल, तर राज्याच्या आंतरजातीय विवाह प्रोत्साहन योजनेतून ५०,००० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात. दोघांचे जातीचे दाखले लागतात, ते लग्नाआधीच काढून ठेवले तर बरं. नंतर घरून मिळणं अवघड जातं.

आधी धार्मिक पद्धतीने लग्न झालेलं जोडपंही पुढे कलम १५ खाली याच कायद्यात येऊ शकतं. मात्र तेव्हा दोघांचंही वय २१ पूर्ण हवं, आणि तिथेही तीस दिवसांची नोटीस आहेच. परदेशी जायचं असेल तर दाखल्यावर राज्य शासनाचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचं परदेशात चालणारं प्रमाणीकरण, करून घ्या. मूळ दाखला हरवला तरी घाबरायचं कारण नाही : शुल्क भरून त्या नोंदीची प्रमाणित प्रत विवाह अधिकारी कार्यालयातून कधीही काढता येते. त्यासाठी नोंदणी क्रमांक आणि तारीख मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, जुनी पुस्तकं शोधायचं काम त्याने मिनिटांवर येतं.